बारा नंबरची बेल

दुपारची जेवणं उरकली, भांडी तशीच सिंकमध्ये टाकली आणि थोरली दवाखान्याकडे निघाली. पिशवीत लॅपटॉप होता, एक स्क्रू-ड्रायव्हर होता आणि बाबांसाठी धुतलेला सदरा होता. काम साधं होतं. वॉर्डातला बेलचा जुना कॉम्प्युटर मरायला टेकला होता, आणि तो पुरता मरायच्या आत त्याचा जीव काढून दुसऱ्या मशीनमध्ये घालायचा होता. हे शब्द तिचेच. नेटवर्कचं काम करणारी माणसं दिवसभर मशीन मेलं, मशीन उठलं, मशीन लटकलं असं बोलत असतात आणि रात्री गाढ झोपतात. थोरलीही झोपायची, ही गोष्ट घडेपर्यंत.

तिला थोरली म्हणायचे ते तिचे बाबा. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि धाकटा भाऊ नोकरीसाठी लांब होता, त्यामुळे त्या नावानं हाक मारणारं माणूस रोजच्या जगण्यात एकच उरलं होतं. तेही आता हाक मारू शकत नव्हतं. बाबांना झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. एकच शब्द मागे राहिला. "आलो." डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी, आयुष्यभर जिभेवर सगळ्यात जास्त घोळलेला शब्द तेवढा टिकतो. पाणी हवं असलं की "आलो", दुखत असलं की "आलो", थोरली दारात दिसली की "आलो".

तोच शब्द का टिकला हे घरच्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. सबंध नोकरी त्यांनी कानाला हेडफोन लावून, याची तार त्याला जोडून देण्यात घालवली. घरी फोन वाजला की तोंडातला घास तसाच ठेवून, "आलो, आलो" करत ते उठायचे, जसं काही फोन करणाऱ्याला पलीकडे ऐकूच जाणार होतं. राँग नंबर असला तरी फोन आपटायचे नाहीत. "तो मी नव्हे, पण तुम्हाला कोण हवंय?" असं विचारून, डिरेक्टरी चाळून, खरा नंबर शोधून द्यायचे. आई म्हणायची, यांचं लग्न माझ्याशी नाही, त्या घंटीशी लागलंय. बाबा हसून म्हणायचे, "अगं, रिंग म्हणजे दारात उभा राहिलेला माणूस. त्याला ताटकळत ठेवू नये." अशा माणसाच्या नशिबी शेवटी बेल दाबून दुसऱ्याची वाट बघणं आलं. देव थट्टा करतो म्हणतात ती अशी.

दवाखाना गावाबाहेरच्या चढावर होता, दोन मजली, लांबच लांब खिडक्यांचा. तिथे बरे होणारे थोडे आणि सांभाळायचे जास्त. बाबांची खाट वरच्या वॉर्डात रांगेच्या शेवटी, अकरा नंबर. प्रत्येक खाटेपाशी भिंतीवर एक छोटी पेटी होती. उशीजवळच्या दोरीला लटकणारं बटण दाबलं की पेटीवर लाल दिवा लागायचा, वॉर्डाच्या तोंडाशी असलेल्या सिस्टरांच्या टेबलावर बोर्ड वाजायला लागायचा आणि त्यावर खाटेचा नंबर दिसायचा. गंमत अशी की तो आवाज टेबलावरून बंद करता येत नसे. फार पूर्वीच्या कुणा मेट्रनबाईंनी तसा नियमच करून घेतला होता. खुर्चीत बसून बेल बंद करायची नाही, उठायचं, खाटेपाशी जायचं आणि पेटीवरचं हिरवं बटण दाबायचं. मग लालचा हिरवा होई आणि बोर्ड गप्प होई. नियम चांगला होता. थोरलीला तर फारच आवडला होता.

पण हे सगळं चालवणारा कॉम्प्युटर दुपारचा लटकायचा. रोज नाही, अधूनमधून. बोर्ड गोठून जाई आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत वॉर्डातल्या एकाही पेटीचा आवाज येत नसे. अशाच एका दुपारी थोरली भेटीच्या वेळेला आली तर बाबांच्या पेटीवर लाल दिवा जळत होता. चादर ओली झाली होती, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि डाव्या हाताचा अंगठा बटणावर दाबून दाबून पांढरा पडला होता. ते किती वेळ बेल दाबत होते कुणास ठाऊक. त्या दिवशी तिनं त्यांचं अंग पुसलं, कपडे बदलले आणि त्यांच्या कानाशी वाकून सांगितलं, "बाबा, यापुढे तुम्ही बेल दाबली आणि कुणी आलं नाही असं होणार नाही. मी बघते." बाबांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "आलो." ते बोलताना ओठाच्या एका कोपऱ्यानं हसले, असं तिला वाटलं.

मग ती मोठ्या सिस्टरांना जाऊन भेटली. मोठ्या सिस्टर म्हणजे वॉर्डाच्या प्रमुख, कामाला वाघ, बोलायला फटकळ. हे काम मी फुकट करून देते म्हटल्यावर त्यांनी आधी संशयानं पाहिलं आणि मग चहा मागवला.

काम काय होतं ते जरा नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. बेलचा प्रोग्रॅम ज्यानं लिहिला तो माणूस कधीच काम सोडून गेला होता आणि नवीन लिहायला पैसे नव्हते. तेव्हा थोरलीनं ठरवलं की जुन्या कॉम्प्युटरच्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढायची आणि ती तळघरातल्या नव्या सर्व्हरच्या पोटात चालवायची. सर्व्हरवर लिनक्स नावाची प्रणाली होती. त्याच्या पोटात असा एक कॉम्प्युटर चालवता येतो ज्याला हात नाही, पाय नाही, डबा नाही, पण त्याला स्वतःला वाटत असतं की आपण खरेच आहोत. हे ती गेल्या आठवड्यात करून बसली होती. पोटातला कॉम्प्युटर मजेत चालत होता. फक्त त्याला बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं.

पेट्या कुणा एकाला उद्देशून बोलत नसत. बटण दाबलं की पेटी सगळ्या तारेवर ओरडून सांगे, अकरा नंबर, अकरा नंबर. ते ऐकायचं तर आतल्या कॉम्प्युटरला त्याच तारेवर येऊन बसायला हवं होतं. त्यासाठी ब्रिज बांधतात. सर्व्हरचं खरं कार्ड, ज्यात भिंतीतून आलेली तार खुपसलेली असते, आणि आतल्या कॉम्प्युटरचं खोटं कार्ड, जे कुठेच नसतं, ही दोन्ही एका ब्रिजला जोडायची. मग बाहेरचं आत जातं, आतलं बाहेर येतं आणि कोण खरं आणि कोण खोटं हे तारेला कळत नाही. ब्रिज फक्त एवढंच लक्षात ठेवतो की कुठला पत्ता, म्हणजे कुठली पेटी किंवा मशीन, कुठल्या बाजूनं बोललं. तेही थोडा वेळच. कुणी काही मिनिटं गप्प राहिलं की ब्रिज त्याला विसरून जातो. माणसांचंही काही फार वेगळं नसतं.

त्या दुपारी ती बाबांच्या खाटेशेजारी स्टुलावर बसूनच काम करायला लागली. भेटीची वेळ नव्हती, पण आता तिला कुणी अडवत नसे. वॉर्ड झोपला होता. खिडक्यांवर पडदे ओढलेले, फिनेलचा वास, लांब कुठेतरी नळ ठिबकत होता. मावशी, म्हणजे वॉर्डात सफाईचं आणि रोग्यांचं वरचं काम करणारी बाई, टेबलापाशी चादरींच्या घड्या घालत होती. थोरलीनं मांडीवरच्या लॅपटॉपवरून सर्व्हरला जोडून घेतलं, जुना कॉम्प्युटर बंद करायला लावला, ब्रिज बनवला आणि खरं कार्ड त्याला जोडलं.

आणि ज्या फांदीवर बसली होती तीच तोडली. खरं कार्ड ब्रिजला जोडताना त्या कार्डाचा पत्ता त्याच दमात ब्रिजच्या अंगावर घालायचा असतो, नाहीतर सर्व्हरशी बोलायची वाटच बंद होते. हे ती शिकाऊ पोरांना शंभरदा बजावायची. पण नेमकी त्याच वेळी बाबांच्या हनुवटीवर लाळ ओघळली, तिनं एका हातानं ती पुसली, दुसऱ्या हातानं एंटर दाबलं आणि लॅपटॉपचा पडदा थिजला. आता जुना कॉम्प्युटर बंद, नवा तुटलेला आणि साऱ्या वॉर्डाच्या पेट्या मुक्या. तिनं स्वतःला मनातल्या मनात एक शिवी हासडली. "लगेच येते, बाबा," म्हणाली आणि तळघराकडे धावली.

तळघरातल्या खोलीत सर्व्हरसमोर उभी राहून तिनं पत्ता जागेवर घातला. दुरुस्ती चुटकीसरशी झाली. ब्रिज उठला, दोन्ही बाजू जिवंत झाल्या आणि त्याच क्षणी वरून, दोन जिन्यांवरून, बोर्डाचा आवाज तिच्या कानावर आला. तिला हायसं वाटलं. बाबांनीच दाबली असणार असं समजून ती वर गेली, तर बाबांची पेटी काळी होती. सगळ्याच पेट्या काळ्या होत्या. मावशी चादर हातात धरून टेबलापासून दोन पावलं मागे सरकून उभी होती. बोर्डावर आकडा होता, बारा.

"बारा नंबर कुठाय?" थोरलीनं विचारलं.

मावशीनं आतल्या खोलीकडे वळून मोठ्या सिस्टरांना हाक मारली. मोठ्या सिस्टर आतून आल्या, त्यांनी बोर्डाकडे पाहिलं आणि सवयीनं जुन्या कॉम्प्युटरचं बटण दाबायला वाकल्या. तो तर बंदच होता. त्या हळूहळू सरळ झाल्या. त्या वाकण्यावरून थोरलीच्या लक्षात आलं की हे त्यांनी पूर्वी पाहिलेलं आहे.

मग त्यांनी सांगितलं. बाबांच्या पलीकडे, जिथे आता भिंतीशी नुसती रिकामी जागा आहे, तिथे एक खाट होती. तिच्यावर एक बाई होत्या, बाराच्या बाई. त्यांचं मागेपुढे कुणी नव्हतं. एका दुपारी टेबलावर कुणीतरी चहाची किटली लावायला बोर्डाचा प्लग काढला आणि परत लावायचा राहिला. संध्याकाळी पाहिलं तर बाई गेलेल्या होत्या, बटण मुठीत होतं आणि पेटीवर लाल दिवा. हिरवं बटण कुणी दाबलंच नाही. धीर झाला नाही. पेटीच उपटली, खाट हलवली आणि विषय संपवला. तेव्हापासून कधीकधी दुपारी बोर्डावर बारा यायचा आणि मशीन लटकायचं. मग मोठ्या सिस्टर ते बंद करून चालू करायच्या.

म्हणजे मशीन लटकतं ही तक्रार नुसती अर्धी होती. उरलेली अर्धी कुणी तिला सांगितलीच नव्हती. आणि थोरलीच्या नव्या मशीनची तब्येत ठणठणीत होती. ते लटकेना. बेल वाजत राहिली.

थोरली भुतांना घाबरणाऱ्यांतली नव्हती. तिनं हिशेब मांडला. बाराची हाक कुणी बंद केली नाही, म्हणजे प्रोग्रॅमच्या लेखी ती अजून उघडीच आहे. डिस्कची नक्कल केली तेव्हा तीही बरोबर आली. यात नवल काय? खाली जाऊन तिनं ब्रिजला विचारलं, कुठला पत्ता कुठे आहे. वॉर्डातल्या पेट्या सगळ्या बाहेरच्या बाजूला होत्या, असायला हव्यात तशा. बाराची पेटीही होती. आतल्या बाजूला. हे मात्र तिच्या हिशेबात बसेना. प्रोग्रॅम फक्त ऐकतो. पेटीच्या पत्त्यावरून तो बोलत नाही, त्याला ते येतच नाही. आत दुसरं काही नव्हतंच. आणि ब्रिज थोड्या वेळात सगळ्यांना विसरतो, पण बाराला विसरत नव्हता, म्हणजे ती पेटी सारखी बोलत होती.

तो पत्ता तिनं ब्रिजवर अडवून पाहिला. बेल थांबली नाही. जे घरातच आहे त्याला दारात अडवून काय होणार? ब्रिज तोडून पाहिला. बेल लगेच थांबली, आणि बाबांची पेटीही मुकी झाली. पुन्हा जोडला. बेल पुन्हा सुरू. एक आत घ्यायचं आणि दुसरं नाही, अशी सोयच त्यात नव्हती.

त्या दुपारी बेल बऱ्याच वेळानं आपोआप थांबली. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाजली. तिसऱ्या दिवसापर्यंत सिस्टर बोर्डाकडे न बघता काम करायला शिकल्या, आणि थोरलीला खरी भीती वाटली ती इथे. बाराच्या बेलकडे दुर्लक्ष करता करता अकराकडेही होणार. माणसाचा कान असाच असतो. बाबा पुन्हा अंगठा पांढरा होईपर्यंत बटण दाबत राहणार, आणि तिचं वचन वाऱ्यावर जाणार.

बाबांना मात्र त्या बेलकडे दुर्लक्ष करता येत नव्हतं. बाराची बेल वाजायला लागली की त्यांची मान भिंतीशी असलेल्या त्या रिकाम्या जागेकडे वळे. "आलो," ते म्हणत. थोडं थांबून पुन्हा, "आलो." डावा पाय चादरीखाली हलायला लागे. थोरली त्यांचा खांदा थोपटून म्हणे की तुम्ही नाही, बाबा, तुम्ही झोपा. पण त्यांच्या डोळ्यांत ती ओळखीची घाई असे, ताटावरून उठताना असायची तीच.

शेवटी तिनं सरळ मार्ग धरला. बाराची जुनी पेटी मोठ्या सिस्टरांच्या कपाटात धूळ खात पडली होती. ती मागून घेतली, पुसली आणि त्या रिकाम्या जागेपाशी भिंतीवर पुन्हा बसवली. तार जोडली. हाक उघडी राहिली आहे ना, मग जागेवर जाऊन ती रीतसर बंद करायची. मेट्रनबाईंचाच नियम. दुपारी बोर्ड वाजायला लागला, आणि भिंतीवरच्या पेटीत लाल दिवा लागला. मावशी पदराचं टोक तोंडाशी धरून लांबून बघत होती. थोरलीनं हिरवं बटण दाबलं. बोर्ड गप्प झाला. तिनं श्वास सोडला, आणि बोर्ड पुन्हा वाजायला लागला.

तिनं पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. जणू आलेलं माणूस हवं होतं ते नव्हे.

"आलो," बाबा म्हणाले.

"बाबा, तुम्ही नाही..." ती म्हणाली. तिचा आवाज जरा चढलाच. मग वाईट वाटून तिनं त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. त्यांचं बटण त्यांच्या डाव्या हाताशी नीट ठेवलं आणि म्हणाली, "मी खाली जाऊन बघते. काही लागलं तर दाबा. मी ऐकते."

तळघरात तिनं ब्रिजचा पत्त्यांचा तक्ता समोर लावून ठेवला. बाराचा पत्ता एकदा आत दिसे, एकदा बाहेर. एकच पत्ता दोन्हीकडून बोलायला लागला की ब्रिजचं असं होतं, त्याचं त्याला कळेनासं होतं. आत, बाहेर, आत, बाहेर. वरून बेलचा आवाज येत होता. ती कारण शोधत राहिली. मग एकदम आवाज थांबला. तक्ता स्थिर झाला. बारा बाहेर. तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली. झालं एकदाचं, पेटी भिंतीवर आहे आणि भिंतीवरूनच बोलते आहे, सगळं सुतासारखं सरळ.

मग तिची नजर वरच्या ओळीवर गेली. अकरा आतल्या बाजूला होतं.

जिने ती कशी चढली ते तिला आठवत नाही. बाबा डाव्या कुशीवर होते. इतक्या दिवसांत ते स्वतःहून कुशीवर वळले नव्हते. डावा हात खाटेबाहेर, बाराच्या पेटीकडे लांबवलेला होता, पण पेटी त्याच्यापासून चांगली हातभर दूर होती. चेहरा शांत होता. पेटीवर हिरवा दिवा होता. डॉक्टर आले, त्यांनी पाहिलं आणि दुसरा झटका म्हणाले, तो कधीही येऊ शकला असता. थोरलीनं बाबांच्या बटणाकडे पाहिलं. ते तिनं ठेवलं होतं तिथेच होतं, दाबलेलं नव्हतं.

रात्री भावाचा फोन आला. बराच वेळ तो नुसता रडला. मग म्हणाला, "ताई, शेवटी कुणी होतं का गं त्यांच्याजवळ?" आपण खाली उभं राहून हसत होतो, हे ती कुणाला सांगणार? ही गोष्ट तिला आतून खात राहिली. खाणंपिणं चालू होतं, काम चालू होतं, पण फोन वाजला की ती तो बराच वेळ नुसता वाजू द्यायची.

बाराची बेल त्यानंतर वाजली नाही. पेटी तिनं स्वतः उतरवून सिस्टरांच्या कपाटात परत ठेवली होती. काही महिन्यांनी कुणा दात्याच्या कृपेनं दवाखान्यात नवी बिनतारी बेल बसली. जुनं काढून टाकायला मोठ्या सिस्टरांनी थोरलीलाच बोलावलं. ती गेली. दुपारच होती. भिंतीवर जुन्या पेट्यांशेजारी नव्या पेट्या लागल्या होत्या. अकरा नंबरवर अजून कुणी नव्हतं, गादी गुंडाळून ठेवली होती.

तळघरात जाऊन ब्रिज पाडायचा, एवढंच काम. आज्ञा लिहून झाली. एंटर दाबायच्या आधी, सवय म्हणून, तिनं तक्ता मागवला. ब्रिज गप्प राहिलेल्याला काही मिनिटांत विसरतो. जुन्या पेट्यांतली एकही कित्येक दिवसांत दाबली गेली नव्हती, त्यामुळे तक्ता रिकामा असायला हवा होता. त्यात दोन ओळी होत्या. अकरा, आत, आत्ताच बोललेलं. बारा, बाहेर, आत्ताच बोललेलं. बाराची पेटी वर कपाटात होती, तिला तारच नव्हती.

ती त्या दोन ओळींकडे बघत राहिली. ब्रिज पाडला तर जे आत आहे ते आतच राहणार, आणि जे बाहेर आलं आहे ते बाहेर. आत बाबा होते असं ती म्हणाली नसती, ती शहाणी बाई होती. पण तिनं एंटरवरचं बोट उचललं.

तेवढ्यात वर जुना बोर्ड वाजायला लागला. ती पायऱ्या चढून वर आली तेव्हा टेबलापाशी कुणी नव्हतं. बोर्डावर अकरा होतं. "आले," ती म्हणाली. आपल्या तोंडून हा शब्द कसा गेला याचं तिला नवल वाटायच्या आत बोर्ड गप्प झाला. कुणीतरी खाटेपाशी जाऊन हिरवं बटण दाबलं होतं.

वॉर्डभर सगळे झोपले होते. अकराच्या पेटीवर हिरवा दिवा होता. भिंतीशी सारून ठेवलेलं स्टूल कुणीतरी ओढून खाटेला अगदी लागून घेतलं होतं, ती स्वतः ओढून घ्यायची तसं. तिनं त्यावर हात ठेवला. ते कोमट होतं.

मावशी पलीकडच्या खाटेपाशी उशीचे अभ्रे बदलत होती. थोरलीनं तिला विचारलं, इथे आत्ता कोण बसलं होतं?

मावशीनं मान वर केली आणि तिच्याकडे जरा गोंधळून पाहिलं. "तुम्हीच की, ताई. पाठमोऱ्या बसला होतात..." मग तिला काहीतरी आठवलं, आणि समजूत घालावी तशा आवाजात ती म्हणाली, "त्या दिवशीसुद्धा बसला होतात, बाबांचा हात हातात घेऊन. म्हणून तर मी मधे आले नाही. म्हटलं, लेक आहे जवळ..."

त्या दिवशी थोरली तळघरात होती. ती तशीच उभी राहिली, स्टुलावरचा हात तिनं काढला नाही, आणि तिच्या हाताखालचं लाकूड हळूहळू गार होत गेलं.